बाहेरून बसलेली

काल संध्याकाळी आमच्या गावी, मुरुमजवळ, ओट्यावर एक गंमत झाली. नात सायली मोबाईल घेऊन बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मी बी.ए. बाहेरून करतेय ना, त्याचा क्लास आहे. आत रेंज येत नाही."

बाहेरून करतेय आणि बाहेरच बसलीय... मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पोरगी घाबरलीच. मग तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. टाइप करायला तिनंच शिकवलंय, चुकलं तर तिला बोला.

सायली पुण्यात नोकरी करते, सुट्टीला आलीय. बारावी झाली तेव्हा तिच्यापुढं इतके कोर्स होते की मला नावंसुद्धा म्हणता येईनात. माझी शाळा तर चौथीतच सुटली. मोठा दुष्काळ पडला होता. आई खडी फोडायला जायची आणि मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथंच. दुपारी सरकारकडून खायला सुकडी मिळायची... तिची चव अजून जिभेवर आहे, पण ते राहू द्या. पुढं पाऊस झाला, शाळा भरली, मी काही परत गेले नाही.

मग लग्न झालं, आणि हे सोलापूरला यंत्रमागावर कामाला लागले. एवढं मोठं शहर मी पहिल्यांदाच बघत होते. इकडं गावात सोसायटीची दूध डेअरी झाली, आणि तिच्या शेजारच्या खोलीत बालवाडी निघणार अशी बातमी आली. बाई गावातलीच हवी होती, पण सातवी पास.

बास, माझ्या डोक्यात तेच बसलं. ह्यांनाही शहर मानवत नव्हतं. तुझं जमलं तर परत जाऊ, म्हणाले. भाकरी थापता थापता मला ती पोरं दिसायची, मांडी घालून बसलेली, मला 'बाई' म्हणणारी... आणि तव्यावरची भाकरी करपायची.

थोरल्या नणंदेला विचारलं. वन्सं जुन्या सोलापूरकर, त्यांना सगळं ठाऊक. "वैनी, शहरात शिकायला लई हाय. शिवणक्लास हाय, टायपिंग हाय, दवाखान्यात नर्शीचं बी शिकवत्यात. पण आधी सातवी तर होऊ द्या तुमची!"

"मग सातवी कुठं मिळती?" मी असं विचारलं, जणू बाजारातून आणायचीय.

"त्याला काय, बाहेरून बसायचं! पलीकडच्या शाळंत सांच्याला बायकांचा वर्ग भरतोय बघा."

झालं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून, डोक्यावरून पदर घेऊन मी शाळेत गेले, आणि वर्गाच्या खिडकीखाली पायरीवर जाऊन बसले. बाहेरून बसायचं सांगितलं होतं ना... मी बाहेर बसले! रोज जायचे, रोज तिथंच.

त्या संध्याकाळी आठवल्या की आपोआप डोळे मिटतात... समोर कडुनिंब, गल्लीतून मागांचा खटाखट आवाज, आणि डोक्यावरच्या खिडकीतून बाईंचा आवाज. चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या म्हणायच्या, "इथं बघा, ही भीमा." मला पायरीवरून काय दिसणार? मी आपली डोळे मिटून माझी भीमा सोडायची. खडीच्या ढिगांवरून, कोरड्या विहिरीजवळून, आईच्या पायापर्यंत पाणीच पाणी... बाई समुद्रही दाखवायच्या, तो मी नळदुर्गच्या किल्ल्यापलीकडं ठेवला होता. येताना एसटीतून किल्ला दिसला होता, त्यामागचं काही दिसलं नव्हतं, म्हणून तिथं जागा होती.

आतल्या बायकांना वाटायचं, कुणाची तरी जाऊ न्यायला आलीय.

एके दिवशी धुळीचं वारं सुटलं. बाई खिडकी लावायला आल्या. सातवीच बंद होतेय असं वाटलं. कशी कोण जाणे, मी ओरडलेच, "नगा लावू बाई! मला ऐकू यायचं न्हाय!"

बाईंनी वाकून खाली पाहिलं. "अगं, कोण तू? कुणाला न्यायला आलीस?"

"कुणाला न्हाय. मी बाहेरून बसलेय."

आत जे हसू उसळलं म्हणता! एक जण म्हणाली, "बाई, ही तर खरंच बाहेरून बसली की ओ!" मला तर पळून जावंसं वाटलं. हसू बाईंनाही आवरेना. पण मग त्या वाऱ्याधुळीत बाहेर आल्या, माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या. बाहेरून बसायचं म्हणजे शाळेत नाव न घालता घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची, असं त्यांनी समजावलं.

"पण घरी मला शिकवणार कोण?"

"कुणीच नाही. म्हणून तर हा वर्ग."

"मग मी बरोबर आले की."

"आलीस बरोबर, पण बसलीस भिंतीच्या चुकीच्या बाजूला. परीक्षेला खुशाल बाहेरून बस, वर्गात मात्र आतून बसायचं. ऊठ."

चपला काढून आत गेले. बायका सरकल्या, जागा झाली. समोर नकाशा होता, आणि त्यात भीमा... दोऱ्याएवढी बारीक, निळी. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं. माझी केवढी मोठी होती!

सातवी झाले. बालवाडी मिळाली, आम्ही गावी परतलो, आणि पोरांनी बाई बाई म्हणत मला पार म्हातारी केली. बालवाडीचं दार ओढून घेण्याआधी मी बाहेर पायरीवर नजर टाकायची... कुणी बसलंय का. ती सवय काही गेली नाही.

काल सायलीच्या मोबाईलमधून कुणा मॅडमचा आवाज येत होता. मी शेजारी टेकले, डोळे मिटले. काय शिकवत होत्या ते काही कळलं नाही, पण भीमा मात्र वाहायला लागली... अंगणातून, पार माझ्या पायापर्यंत.

बाई, तुम्ही आता कुठं असाल, ठाऊक नाही. त्या दिवशी खिडकी लावायला आलात, लई उपकार झाले.