आग्राफेनाची लाकडी पळी

आमच्या आग्राफेनाने नोव्हेंबरात कोंबडा कापला. का, तर म्हणे तो आरवेनासा झाला! आता काय बोलावं? तिच्या-माझ्या घरांमध्ये एवढंसं कुंपण. तो मेला रोज पहाटे माझी झोप मोडायचा. मी तिला तोंडावर म्हटलं, "अगं, आजसुद्धा चारदा आरवला की!" तर म्हणाली, "तुला भास होतात." आणि शेवया घातलेल्या सुपाचा वाडगा माझ्या हातात ठेवला. सूप झकास झालं होतं, पण माझ्या डोक्याला भुंगा लागला तो लागलाच.

आग्राफेना सत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. नऊ कोंबड्या आणि चौदा मधपेट्या, हाच तिचा संसार. थंडी उणे तीसच्या खाली गेली की कोंबड्या स्वयंपाकघरात, भट्टीलगतच्या खुराड्यात. माश्यांच्या पेट्या त्याआधीच अंगणातल्या तळघरात, थेट एप्रिलपर्यंत. तिथे पंधरवड्यातून एकदा जायचं, माश्यांना न दिसणारा लाल दिवा घेऊन, चोरपावलांनी. रबरी नळीचं एक टोक पेटीच्या तोंडात घालायचं, दुसरं कानाला लावायचं आणि पेटीवर एक टिचकी मारायची. माश्या गुणगुणून लगेच गप्प झाल्या तर सगळं ठीक. रडल्यासारख्या गुणगुणतच राहिल्या तर राणी मेली. सुकी पानं सळसळल्यासारखं ऐकू आलं तर उपाशी आहेत. या कामात आग्राफेनाचा हात धरणारं गावात कोणी नाही. आम्ही सगळे आपापल्या पेट्या तिलाच ऐकायला लावायचो.

या हिवाळ्यात मात्र ती कोणाकडे जाईना. पाय दुखतात म्हणे. आणि स्वतःच्या तळघरात जाताना हातात नळी नाही, तर लाकडी पळी! माश्यांना लापशी भरवते, अशी गावभर कुजबुज सुरू झाली. मला मेलीला राहवतंय होय? जानेवारीत एके दिवशी तिच्या मागोमाग मीही खाली उतरले.

बघते तर काय, पळीचा गोल भाग पेटीला टेकवलेला, दांडा दातांत धरलेला, डोळे मिटलेले. मी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. शेवटी खांद्याला हात लावला, तर अशी दचकली की पळीच खाली पडली.

"कधीपासून गं?" मी विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"ऑक्टोबरपासून," ती केवढ्यांदा म्हणाली! याच तळघरात मी एकदा शिंकले म्हणून तिने मला हाकललं होतं. "आधी डावा कान गेला, मग उजवा. पण दातांना कळतं, क्लाव्दिया! गुणगुण दांड्यातून थेट डोक्यात येते." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सावेलीला सांगू नकोस. कळलं तर पोरगा मला शहरात नेईल, चौथ्या मजल्यावर. पेट्या लोकांना देऊन टाकेल. मी तिथे करू काय? भिंतींकडे बघत बसू?"

तोंडात नऊ दात उरलेले आणि सगळी भिस्त त्यांच्यावर! मला भडभडून आलं. नाही सांगणार, असा शब्द दिला.

पण सावेली काही खुळा नाही. त्याचा महिन्याचा फोन आईने सलग तीनदा उचलला नाही, तसा फेब्रुवारीत तो बसने येऊन थडकला. जेवताना आग्राफेनाने त्याच्या तोंडावरची नजर हलवली नाही. "पेट्या बघू," तो म्हणाला, "आणि मग तुझं सामान बांधू." ते दोघे तळघराकडे निघाले, तशी मीही त्यांच्यात घुसले.

सावेली नळी कानाला लावून एकेक पेटी ऐकत गेला. तिसऱ्या पेटीवर टिचकी मारली. पुन्हा मारली. "गेली ही," तो म्हणाला.

आग्राफेनाने त्याला बाजूला सारून पळी टेकवली. "जिवंत आहे. राणीसकट," ती ठणकावून म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून चौथ्या पेटीकडे वळली.

"आई, मी तुला न्यायला आलोय," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्याने, "आई!" ती आपली दांडा दातांत धरून उभी. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याशी बोलायचं नसेल तिला!" मी फणकारले, पण माझाच आवाज चिरकला.

त्याने आईच्या हातातली पळी घेतली, दांडा कोटाला पुसला, दातांत धरला आणि तिसऱ्या पेटीवर टिचकी मारली. आणि मग बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"आहेत," तो मला म्हणाला. "बारीक आहे आवाज, पण आहेत."

बाहेर आलो तर सावेलीचा श्वास त्याच्या मिशांवर गोठत होता. तळघराच्या दारावर बोटभर हिम चढलेलं. त्याने हातमोजा काढला आणि त्या हिमावर बोटाने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं: 'एप्रिलमध्ये पेट्या बाहेर काढायला येतो. तू इथेच राहा.'

आग्राफेनाने ते दोनदा वाचलं. हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं.

"ओरडतोस कशाला रे?" ती म्हणाली. "ऐकलं मी."