अजून चालू असलेला लोड

गेल्या उन्हाळ्यात गारखेड्यातल्या एका दुकानात मी माझा इन्व्हर्टर दुरुस्त व्हायची वाट बघत बसलो होतो. भर दुपारी साठीची एक बाई रिक्षातून उतरली. रिक्षावाल्यानं तिचा इन्व्हर्टर काउंटरवर ठेवला. आजाऱ्याचं कपाळ पुसावं, तसा तिनं तो पदरानं पुसला.

मेकॅनिकनं जोडून पाहिला. "मावशी, हा तर ठणठणीत आहे."

बाईनं इन्व्हर्टरला कान टेकवला. आतली बारीक घरघर ती बराच वेळ ऐकत राहिली. "व्हय, याचा आवाज हाच," म्हणाली. मग सांगू लागली. तिचे यजमान शेवटी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाईट गेली की मशीन याच इन्व्हर्टरवर चालायचं. ते वारले, मशीन परत दिलं. तरी घरातली सगळी बटणं बंद असताना इन्व्हर्टर मशीनइतकाच लोड दाखवायचा.

"वायरिंगमध्ये फॉल्ट असेल."

"वायरमन बघून गेला, काय बी नाय. म्हणून लेकानं परवा हा काढून अंगणात ठेवला." तिनं मान वर केली. "पण घरात मशीनचा आवाज येतोच. लई दमल्यावानी येतो. आता कशावर चालत असंल ते?"

मेकॅनिक काहीतरी समजावून सांगेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं वायरी गुंडाळल्या, इन्व्हर्टर स्वतः उचलला आणि ती थांबलेल्या रिक्षात बसल्यावर तिच्याजवळ नीट ठेवला.

"घरी गेल्या गेल्या जोडा, मावशी," तो म्हणाला. "उशीर नका करू."