ज्याची तारीख, त्याचा चहा
चाची समोर आल्या की त्यांचा हात आधी माझ्या कोटाकडे यायचा. काळ्या बाहीवरचा कापसाचा पुंजका चिमटीत उचलून त्या म्हणायच्या, "तुमचा कोट काया हाय, वकीलसाहेब. माह्यावाला कापूस लपत नाही."

तो कापूस त्यांच्याच अंगावरून आलेला असायचा. चाची आणि त्यांचा मुलगा गाद्या भरायचे. केसांत, भुवयांवर, सगळीकडे कापूस. निम्म्या गावाची झोप त्यांच्या हातची होती. माझीही.

मी त्यांचा वकील नव्हतो, समोरच्याचा होतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

चाचींच्या मागच्या दाराला एक बोळ होता. कापसाची हातगाडी तिथूनच आत यायची. शेजारच्या दुकानदाराने त्या बोळात भिंत घातली. मग कापसाची पोती पुढच्या दाराने, चुलीवरून आत जाऊ लागली. वरणात कापूस निघायला लागला, तेव्हा चाचींनी दावा टाकला.

दुकानदार माझ्याकडे आला आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, "रस्ता तिचाच आहे. पण लांबवा तुम्ही. थकन बाई."

मी लांबवत गेलो. कधी साक्षीदार आजारी, कधी कागद सापडत नाहीत, एकदा तर माझंच पोट बिघडलं. पहिल्यांदा तारीख मागून बाहेर आलो, तर चाची चहाच्या टपरीवर उभ्याच होत्या.

"वकीलसाहेब, आज माह्यं काम बुडालं ना?"

"हो."

"तारीख कोनं मागतली?"

"मी."

"मंग चहा तुमचा."

टपरीवाला खो खो हसला. तेव्हापासून तो कायदाच झाला. ज्याची तारीख, त्याचा चहा. एकदा त्यांचेच वकील आले नाहीत, तेव्हा चाचींनी मला बोलावून चहा पाजला. दुकानदार एकदा अडून बसला, "मी कायले पाजू?" तर म्हणाल्या, "काहून? भित का म्या बांधली?" त्याने पैसे दिले आणि तोंड फिरवून स्वतःचा चहा प्याला.

तुम्हीही कोर्टाच्या बाहेर अशी माणसं पाहिली असतील. दाव्यात अडकलेला माणूस हळूहळू कडू होतो. चाची झाल्या नाहीत.

एकदा मी विचारलं, "चाची, जिंकलात तर खर्च मागाल?"

"पैशे नोको मले. मोहल्ल्यात मले कोर्टवाली म्हनतात. पोराच्या सोयरिकीत बी हेच निघते. जजसाहेबानं खर्च त्याच्यावर टाकला, तं लोकाईले समजन का भांडन कोनाचं व्हतं."

शेवटी निकाल लागला. चाची जिंकल्या, भिंत पाडायचा हुकूम झाला. उरला खर्चाचा प्रश्न. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो असतो तरी माझं काही बिघडत नव्हतं. पण मी उठलो. म्हणालो, "प्रतिवादीने हा दावा प्रामाणिक समजुतीने लढवला आहे." आवाजही कापला नाही.

हुकूम झाला: खर्च ज्याचा त्याने सोसावा.

बाहेर लोक चाचींचं अभिनंदन करत होते. त्या टपरीवर आल्या, एकच चहा सांगितला. मी खिशात हात घातला.

"राहू द्या, वकीलसाहेब. कोर्टानं सांगतलं ना, ज्याचं त्यानं."

रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाल्या. जाताना माझ्या बाहीवरचा कापूस मात्र उचलला.

भिंत पडली. हातगाडी पुन्हा बोळातून जाऊ लागली. पण कोर्टवाली हे नाव काही गेलं नाही. मुलाची सोयरीकही लवकर जमली नाही.

त्यांना खरं सांगायचं म्हणून मी कितीदा तरी त्या बोळातून गेलो. दारात चाची बसलेल्या असायच्या, मांडीवर खोळ, हातात दाभण.

"बसा ना. काही सांगाचं व्हतं का?"

"नाही, सहज आलो. उशीला काय घेता आता?"

त्या माझ्याकडे पाहायच्या, मग उशीचा भाव सांगायच्या. मी मनाशी म्हणायचो, पुढच्या खेपेला नक्की.

गेल्या हिवाळ्यात चाची गेल्या. पुढचं दार अरुंद, म्हणून जनाजा मागच्या दाराने, त्याच बोळातून निघाला. दुकानदार दुकान बंद करून खांदा द्यायला पुढे आला. मी कोर्टातून तसाच आलो होतो, कोटासकट. बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो.

काही दिवसांनी त्यांचा मुलगा कोर्टात कागदासाठी आला. टपरीवर आम्ही चहा घेतला. तो पैसे काढायला लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"राहू दे. तारीख माझी होती."

"कोनती तारीख?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. दुकानदार पहिल्या दिवशी काय बोलला ते, आणि शेवटच्या दिवशी मी काय बोललो ते. सांगायला गेलो आणि उशीचा भाव विचारून परतलो, तेही. तो खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, उठून जाईल.

त्याने रिकामा कप बाजूला सारला.

"मंग आनखी एक सांगा, वकीलसाहेब," तो म्हणाला. "अम्मीचा राह्यला."

टपरीवाल्याने काही न विचारता तिसरा कप आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.