गॅसवर काय शिजते

दहावी झाली, लग्न झालं, पोरगी झाली, अन मंग मी बारावीचा बाहेरून बसाचा फॉर्म भरला. आत्याबाई, म्हणजे माही सासू, एवढंच बोलली, "एक खेप बस. नाई जमलं त वांग्याच्या वाडीत ये."

वर्ध्याच्या कॉलेजातल्या मॅडमनं प्रकल्प देल्ला. गावातले दहा घरं घ्याचे, गरिबी अन पर्यावरण पाहाचं. त्याच्यावर सही नाई त परीक्षा नाई. त्यात एक प्रश्न होता, घरात इंधन कोणतं.

पोरगी कडेवर घेऊन मी पवनारात दारोदार हिंडली. कागद पाहून बायकाईले वाटे, घरकुलाची यादी आली, गॅस दिसला त नाव कटन. शेजारच्या काकूनं त सिलेंडरवर बारदाना टाकला अन त्याच्यापुढंच बसली.

"लिव, आमी फक्त पऱ्हाटी जाळतो."

कपाशीच्या वाळल्या काड्या, त्या त सगळेच जाळते.

"काकू, नळी दिसून राह्यली."

"तू आपली लिव वं. नळी काऊन पाहतं?"

कागदावर नऊच्या नऊ घरी गॅस नाई. असंच देल्लं त मॅडम पकडन, खरं लिवलं त गल्लीत कोणी बोलणार नाई.

दहावं घर आमचंच. आत्याबाई चुलीपाशी भाकर थापत होती, म्हणे, "आपल्याकडंबी नाई म्हणून लिव." मी 'आहे' लिवलं.

"वाच बरं."

तिले वाचता येत नाई. काहीबी वाचता आलं असतं, पण जीभच वळली नाई. 'आहे' असंच वाचलं. तिचा हात पिठात थांबला.

"हाये लिवतं त हेबी लिव, त्याच्यावर निस्ता चहा होते. पाव्हणे आले त पोहे. भाकर चुलीवरच. सिलेंडर संपलं त रोज रोज भरून कोण आणते?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच नऊ घरी परत गेली. आधी सांगतलं, हा माह्या परीक्षेचा कागद हाये, कोणाचं नाव नाई त्यात. मंग गॅस हाये का हे इचारलंच नाई. गॅसवर काय शिजते, असं इचारलं.

काकू हासली. "पोराचं दूध. अन जावई आला त सगळा सैपाक, त्याले धुराचा वास नाई चालत."

मॅडमपुढं मी दोन तक्ते ठेवले, पह्यला 'गॅस नाई'वाला, दुसरा गॅसवर काय शिजते त्याचा. त्यांनी दोन्ही तक्ते पाह्यले. "चूल म्हणजे गरिबी, असं पुस्तकात आहे. मग यातली गरीब घरं कोणती?"

मी एका दमात बोलत सुटली, का पऱ्हाटी वावरातलीच हाये, घरी नाई आणली त लोक बांधावर पेटवते, पण घरचा धूर आत्याबाईच्या डोळ्यात जाते, अन सिलेंडर हाये पण भरवत नाई, त ते हाये म्हणावं का नाई म्हणावं, मले नाई समजत मॅडम.

"श्वास घे आधी. पहिला तक्ता का खोडला नाहीस?"

"खोटा हाये मॅडम. पण बायका काऊन खोटं बोलल्या, तेबी गरिबीतच येते ना?"

त्यांनी सही केली. शुद्धलेखनाचे मार्क कापले.

घरी येऊन सांगतलं त आत्याबाई वांगे निवडत होती. मान वर न करता म्हणे, "परीक्षेच्या दिवशी पोरगी राहीन माह्यापाशी. तू सकाळच्या एसटीनं जाजो."