गव्हर्नरच्या किल्ल्याकडे

तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की विद्यानगरच्या घरातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. मुलगी प्रवेश परीक्षेत नापास झाली होती आणि एकवीस दिवस घरात कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती. पडदे ओढून, गेमचा डबा तापून वास सुटेपर्यंत ती समुद्री चाच्यांचा व्हिडिओ गेम खेळत बसायची. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत यायचं. बायको दाराबाहेर डोळे पुसत म्हणाली, "जाऊन बसा तरी तिच्याजवळ." मी बसलो. दुसरा रिमोट तिनं न बघताच माझ्याकडे सरकवला. तासभर बेट पालथं घातल्यावर एका नारळाच्या झाडाखाली पेटी लागली. आत सोनंच सोनं. मी घाबरलो. आमच्या घरात तीन पिढ्यांची सरकारी वकिली. जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचं असतं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. जहाजाचं सुकाणू माझ्या हाती होतं, ते मी सरळ गव्हर्नरच्या किल्ल्याकडे वळवलं. किल्ल्यानं पावती दिली नाही, तोफा डागल्या. सोन्यासकट आम्ही बुडालो. एकवीस दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळली. "कायकू नेलात तिकडं, बाबा? चोर आहोत आपण, चोर!" ती हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊन रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. आता ती भरपूर बोलते, त्यातलं निम्मं माझ्याविरुद्ध असतं. मी एकदाही हरकत घेतलेली नाही.