निनव्याची वीट

पंचवटीच्या रस्त्यावर तो सायकली दुरुस्त करायचा. पंक्चर शोधताना ट्यूब पाण्यात बुडवली की तो बोट वर करी. बुडबुडा दिसेपर्यंत गिऱ्हाइकानं गप्प बसायचं.

महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईहून येताना त्यानं विटेचा एक तुकडा आणला होता. त्यावर पाखरांच्या पावलांसारखी अक्षरं होती. "तिकडं निनवे म्हून जुनं शहर व्हतं, तिथल्या इश्तार देवीच्या देवळातला हाय," तो सांगायचा. "आमच्या पलटनीचा साहेब म्हनायचा, राजा तिला इचारल्याबिगर लढाईला निघत नव्हता. आता टेकाडावर मेंढरं चरत्यात." तो तुकडा हातात घ्यायचा तर आधी वहाणा काढायच्या, असा त्याचा नियम होता. लोक हसत. मीही हसून तो हातात घ्यायचं टाळलं होतं.

आमच्या रामाच्या देवळात त्याच्या जातीला मज्जाव होता. त्या दिवसांत त्याचे लोक देवळाच्या दाराशी धरणं धरून बसत. एका दुपारी दुकानाच्या जागेचा मालक काठ्या घेतलेल्या तिघांना घेऊन दुकानात आला.

"उद्या तूही बसणार म्हणे?"

त्यानं बोट वर केलं. माझ्या सायकलीची ट्यूब पाण्यात होती. कसे कोण जाणे, पण चौघेही गप्प राहिले. बुडबुडा आला. तिथं खूण करून तो म्हणाला, "बसनार."

"मग आजच जागा खाली कर."

त्यानं हात पुसले, फडक्यातून तो तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, एवढं तुमच्याकडं ठिवा."

तुकडा सोडला मात्र नाही. तो माझ्या पायांकडे बघत राहिला, आणि ते चौघं माझ्याकडे.

मी वहाणा काढल्या.