निर्दोष इंग्रजीचा संशय

वाशीमहून पुण्यात एम.टेक.ला आलेल्या उत्तरेश्वरने सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून प्रबंधाचं पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा लिहून काढलं. ते वाचून त्याच्या मार्गदर्शक तनुजा मॅडमनी विचारलं, "कुठून उचललंस?"

"मीच लिहिलंय, मॅडम."

"मराठी शाळेतला ना तू? मग इंग्रजी इतकं निर्दोष?"

नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. तरी मॅडमनी त्याला फळ्यापाशी उभं केलं. त्याने सगळी समीकरणं मांडून दाखवली.

"असेल तुझं," म्हणत त्यांनी सही केली, पण नजर निवळली नाही.

दुसऱ्या प्रकरणात उत्तरेश्वरने मुद्दाम व्याकरणाच्या चुका घातल्या. त्या दुरुस्त करताना मॅडम समाधानाने म्हणाल्या, "हे मात्र तुझंच वाटतंय."

उत्तरेश्वरने मान खाली घातली. मॅडमना त्याने पहिल्यांदाच फसवलं होतं.